मर्वची गाडी रेक्सकडे पोचवताना

४ एप्रिल, बुधवार. मोलाँग

सामान बांधून झालं. मग सोडलं, दोन जाड स्वेटर काढून टाकले, परत बांधलं. आता बॅगा नीट बसतात, पण काय घेतलं आणि काय घरी राहिलं ते आठवत नाही.

उद्या सकाळी मी आणि नोलीन निघतोय. ब्रोकन हिलला, माझ्या दिराकडे, मर्वच्या धाकट्या भावाकडे, रेक्सकडे. मर्व नोकरीत होता तेव्हा दर ख्रिसमसला म्हणायचा, "ग्लेंडा, एकदा निवृत्त होऊ दे, तुला मागे बसवून थेट रेक्सच्या दारात नेतो की नाही बघ." निवृत्त झाला आणि त्याच उन्हाळ्यात, खुर्चीत बसून क्रिकेट बघता बघता गेला. चहाचा कप मांडीवर तसाच होता, सांडलासुद्धा नव्हता. इतकी वर्षं मोटरसायकल चालवणारा माणूस, आणि गेला तो खुर्चीत. याला दोन वर्षं झाली.

त्याची मोटरसायकल शेडमध्येच होती. पलीकडच्या गल्लीतली नोलीन, जिने जन्मभर शाळेची बस चालवली आणि रविवारी मर्वच्या टोळीबरोबर स्वतःची मोटरसायकल उडवली, ती एक दिवस चादर काढून म्हणाली, "मागे बसून जाता आलं नाही ना? मग पुढे बसून जा." जत्रेच्या मैदानावर तिने मला शिकवलं. किती वेळा पडले ते देवालाच ठाऊक. बासष्टाव्या वर्षी लायसन्स मिळालं, तेव्हा माझ्यापेक्षा तीच जास्त नाचली.

आता अख्ख्या गावाला ही बातमी आहे. बेकरीत, औषधांच्या दुकानात, चर्चच्या पायरीवर, सगळे एकच म्हणतात, "मर्वला केवढा अभिमान वाटला असता!" मीही म्हणते, "हो ना."

टीगनचे सिडनीहून सारखे फोन. "आई, नक्की जायचंय ना तुला? नक्की ना?" लेक असून माझ्यावर एवढा अविश्वास!

पोटात सकाळपासून ढवळतंय. कालच्या कोळंबीचा मला वास आलाच होता.

५ एप्रिल, गुरुवार. नॅरोमाइन

पोचलो. फार लांब आलो नाही, पण हात असे भरून आलेत की पेन धरवत नाही. मर्वची गाडी वजनाला म्हणजे म्हैस आहे. चालू असली की बरी, उभी राहिली की अंगावर येते. पीक हिलला पेट्रोल भरताना कलंडायलाच लागली होती, एका मेंढपाळाने धरली. "मोठं धूड आहे हो बाई," तो म्हणाला. नोलीनने लगेच उत्तर दिलं, "गाडीला म्हणताय की हिला?"

नोलीन पुढे, मी मागे. ती आरशात सारखी मला बघत असते. मी दिसले की एक हात वर करते.

संध्याकाळी पबच्या व्हरांड्यात बसलो होतो. तिने विचारलं, "खरं सांग, इतक्या वर्षांत तू एकदाही मर्वच्या मागे का नाही बसलीस? आम्ही सगळे बोलवायचो तुला."

"रविवारी माझी इस्त्री असायची."

"दर रविवारी?"

"दर रविवारी. पुढच्या खोलीत, खिडकीपाशी. तिथे उजेड चांगला. वळणापर्यंतचा सगळा रस्ता दिसतो."

"आणि इस्त्रीला असायचं तरी काय एवढं? तिघंच तर होता तुम्ही."

"असायचं काहीतरी. चादरी, पडदे. भांडी पुसायची फडकीसुद्धा करायचे मी. बटाटे भाजायला टाकायचे, इस्त्री लावायची. तो परत येईपर्यंत होऊन जायचं सगळं."

ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. मग आत जाऊन आणखी दोन बिअर घेऊन आली. एवढं विचित्र काय आहे त्यात? मला इस्त्री आवडते.

६ एप्रिल, शुक्रवार. बर्क

खरं तर आज आम्ही कोबारला असायला हवं होतं. डांबरी रस्ता, कोबार, विल्कॅनिया, ब्रोकन हिल, संपलं. पण निंगनला चहा पिताना नोलीनने नकाशा पसरला.

"त्या हमरस्त्यावर काय आहे गं? ट्रकांचा धूर खायचा नुसता. बर्कवरून जाऊ. मग नदीकाठाने लाउथ, टिल्पा, तिथून खाली विल्कॅनिया. दोन-तीन दिवस जास्त, एवढंच."

"कच्चा रस्ता आहे तो."

"पाऊस नाही, रस्ता कडक आहे. बस चालवशील त्याच्यावर."

"मला बस येत नाही, नोल."

"तेही शिकवीन."

तिला रस्त्यांचं वेडच आहे. कुठेही पोचायची घाई नसते तिला. खरं तर मला लवकर पोचायचं होतं, पण ती लहान मुलासारखी बोट फिरवत होती नकाशावर. मी हो म्हटलं. निंगन ते बर्क रस्ता असा सरळ की हँडल वळवायचंच विसरायला होतं. दोन्ही बाजूंना लाल माती आणि कडेला मेलेले कांगारू. मी त्यांच्याकडे बघत नाही. नोलीन म्हणते, नजर जिथे जाते तिथे गाडी जाते.

टीगनचा फोन आला, मी ओरडले तिच्यावर. दिवसाला किती वेळा सांगायचं की जिवंत आहे? फोन ठेवल्यावर नोलीनला म्हटलं, "तुझं बरं आहे. तुझा फोन कधी वाजताना ऐकला नाही मी."

"तो बॅगेच्या तळाशी आहे, बंद," ती म्हणाली. "मला कोण करणार? वीज कंपनी?"

हसलो आम्ही दोघी. तिचा नवरा केव्हाच क्वीन्सलँडला गेला, उसाच्या हंगामापुरता म्हणून. तो हंगाम काही अजून संपला नाही. हेही तीच सांगते, हसत हसत.

पोट अजून ठीक नाही. सकाळी निघायच्या आधी दोनदा जावं लागलं. एकदा चालू पडलं की थांबतं, म्हणजे खाण्याचाच काहीतरी दोष. उद्यापासून अंडी बंद.

७ एप्रिल, शनिवार. लाउथ

धूळ. दातांत, कानांत, मनगटाच्या घड्याळाच्या काचेआड. लाउथचा पब म्हणजे पत्र्याचं छप्पर आणि शेजारी नदीचं गढूळ पाणी. मालकिणीने आम्हाला बघून विचारलं, "मुली, कुठून आलात?" किती वर्षांनी मुलगी म्हटलं कुणी.

चांगलं चालवते मी. हे मी नाही म्हणत, नोलीन म्हणते. "ग्लेन, तू जन्मजात चालवणारी आहेस. पुढच्या वर्षी नलारबोरचं माळरान. त्याच्या पुढच्या वर्षी डार्विन." तिने सगळं ठरवूनसुद्धा टाकलंय. मी नदीकडे बघत होते. मला खरंच आनंद होतोय का, असं मनात आलं. चांगलं जमतंय हे खरं. पण रोज संध्याकाळी गाडीची किल्ली खिशातून काढून टेबलावर ठेवते ना, दिवसातला तो क्षण मला सगळ्यात आवडतो. हे नोलीनला कसं सांगायचं? तिने माझ्यामागे किती वेळ घालवलाय. आणि मर्वचं स्वप्न होतं. जाऊ दे. थकल्यावर माणूस काहीही लिहितो.

८ एप्रिल, रविवार. डग आणि आयरीन यांच्या शेतघरी

जेवण झालंय. आयरीनने मला तिच्या मुलीची खोली दिली आहे. आता सगळं लिहून काढते.

टिल्पा सोडून बरंच अंतर आलो होतो. नोलीन पुढे होती. डावीकडच्या झुडपांतून रानबकऱ्यांचा कळप एकदम रस्त्यावर आला. पहिल्या तिने चुकवल्या. मग एक पिल्लू मागे राहिलं होतं ते धावलं. तिने गाडी कडेला घेतली, पुढचं चाक मऊ वाळूत रुतलं आणि धुळीचा लोट उठला. धूळ बसली तेव्हा गाडी आडवी होती, चाक फिरत होतं आणि नोलीन पलीकडे पालथी.

मी गाडी कशी थांबवली, स्टँड कसा लावला, काही आठवत नाही. मी पोचले तेव्हा ती उठून बसायला बघत होती. डावा खांदा खाली आला होता, हात लोंबत होता. चेहरा राखेसारखा.

"पिल्लू वाचलं का?" तिने विचारलं.

"वाचलं. हलू नकोस."

"आपण चहा घेतला का?"

"घेतला, टिल्पाला."

"बरं." आणि मग पुन्हा, "ग्लेन, आपण चहा घेतला का?"

तेच, पुन्हा पुन्हा. तिला ते आपण विचारलंय हे कळतच नव्हतं. बोलताना श्वास अडकत होता, कुशीला हात लावू देत नव्हती. खरं सांगते, तिच्या लोंबत्या हाताला मी घाबरले नाही, त्या चहाला घाबरले.

फोनला रेंज नाही. तिला धरून धरून रस्त्याकडेच्या झाडाच्या सावलीत आणलं, पाठीशी बॅग लावली. थांबले, कुणी येईल म्हणून. कान लावून बसले. नुसता वारा. माश्या. एकही गाडी नाही. सावली सरकत होती आणि तिचे ओठ पांढरे पडत चालले होते. म्हणाली, "तू जा." मी म्हटलं, "तुला सोडून?" ती म्हणाली, "मग काय, मला मागे बसवणार? अजून तेवढं येत नाही तुला." त्या अवस्थेत तिला विनोद सुचतो. मग लगेच, "ग्लेन, आपण चहा घेतला का?"

पाण्याची बाटली तिच्या हाताशी ठेवली, माझं जाकीट तिच्या अंगावर टाकलं. गळ्यातला लाल रुमाल झाडाच्या फांदीला बांधला, म्हणजे परत येताना जागा चुकणार नाही. आणि निघाले.

वाळूत गाडी सापासारखी वळवळते. हळू केलं की पडणार, जोरात केलं की जास्त पडणार. नोलीन मैदानात ओरडायची तसं मी स्वतःवर ओरडत होते, "लांब बघ! लांब बघ! हात सैल!" एका ठिकाणी मागचं चाक पार बाजूला गेलं. पाय टेकवला, सावरलं, पुढे. मग दुधाच्या जुन्या कॅनची टपालपेटी दिसली, फाटक, आणि आत बरंच दूर पत्र्याचं छप्पर. फाटक उघडायला उतरले ते बंद करायचं राहूनच गेलं, आणि डगच्या मेंढ्या रस्त्यावर आल्या. त्या त्याने नंतर हाकून आत घेतल्या.

आयरीन पिठाच्या हातांनीच बाहेर आली. मी एकच वाक्य बोलले असेन. तिने आत वळून हाक मारली, "डग, गाडी काढ, गादी टाक मागे!" आणि स्वतः फोनवर. डगबरोबर मी परत गेले. लाल रुमाल दिसला. नोलीन तशीच बसलेली होती, डोळे मिटून. मला हाक मारायचं धैर्य होईना. डगनेच मारली. तिने डोळे उघडले. "केवढा उशीर," म्हणाली. एवढ्यात तरी चहाचं विसरली होती.

उडत्या डॉक्टरांचं विमान, आडरानातल्या रुग्णांना न्यायला येतं ते, यांच्याच शेतातल्या धावपट्टीवर उतरलं, उन्हं कलायच्या आत. डगने आधी गाडी फिरवून पट्टीवरचे कांगारू हाकलले. आत एकाच माणसाची जागा, तीही स्ट्रेचरची. दार लागता लागता नोलीन म्हणाली, "माझी गाडी कुणी नेणार नाही ना गं?" मी म्हटलं, "त्या वाळूतून ती निघाली तर नेतील ना."

जेवायच्या आधी ब्रोकन हिलच्या रुग्णालयातून फोन आला. खांद्याचं हाड मोडलंय, दोन बरगड्यांना तडा, डोक्याला मार आहे पण आत काही नाही. आत काही नाही! मी आयरीनला दोनदा विचारायला लावलं. मग बसले आणि भाजलेलं मटण दोनदा घेतलं, वर पुडिंग. एवढी भूक मला कित्येक दिवसांत लागली नव्हती. पोटाचं दुखणं पार गेलं. नॅरोमाइनचं पाणीच बाधलं असणार.

आयरीन म्हणाली, "उद्या मी तुला विल्कॅनियाला सोडते. तिथून बस मिळेल. गाडी राहू दे इथे, कुणीतरी नेईल नंतर."

मी म्हटलं, "नको. मीच नेते."

"आज एवढं झाल्यावर? का गं?"

"इथे ठेवली तर न्यायला पुन्हा यावं लागेल."

ती हसली. मी विनोद केलाच नव्हता.

९ एप्रिल, सोमवार. ब्रोकन हिल, रेक्सच्या घरी

डग पिकअप घेऊन विल्कॅनियापर्यंत माझ्या मागे मागे आला. डांबर लागलं तशी हेडलाइटची उघडझाप केली आणि वळला.

पुढचा रस्ता एकटीने. समोर आरसा नाही, वर होणारा हात नाही. कुठेतरी मध्यावर, कारण काहीच नसताना, मी बोलायला लागले. हेल्मेटच्या आत आवाज मोठा येतो. आधी नुसतंच, "बघ, आले की नाही." मग कळेना मी काय बोलतेय. ओरडत होते. "एकदा तरी फोन करायचा होतास! नुसता फोन! प्रत्येक गावात पब आहे, प्रत्येक पबात फोन आहे! बटाटे कोळसा व्हायचे, मर्व!" असं काहीबाही. मर्व वाईट नव्हता. कधी मुद्दाम उशीर केला नाही त्याने. घरी यायचा तो असा खूश असायचा की काही बोलवायचं नाही. मग हे सगळं कुठून आलं कोण जाणे. काच आतून धुकटली, शेवटी कडेला थांबावं लागलं. एक एमू कुंपणापलीकडून बघत होता. मी त्याला म्हटलं, "काय बघतोस?" नाक पुसलं आणि निघाले.

त्यानंतर मी फार छान चालवलं. नोलीनने बघायला हवं होतं.

आधी रुग्णालयात गेले. नोलीन उशांना टेकून, हात छातीशी बांधलेला, गाल जांभळा. नर्स तिला विचारत होती, "घरच्यांना कळवलंय ना कुणी?" नोलीन म्हणाली, "ही काय, आलीच." मग माझ्याकडे बघून, "एकटी आलीस? हमरस्त्याने? ट्रक होते का?" डोळ्यांत पाणी तिच्या. औषधाने होतं असं, नर्सने सांगितलं.

रेक्स फाटकातच उभा होता. अगदी मर्वसारखा चालतो, हे मी विसरले होते.

१० एप्रिल, मंगळवार. ब्रोकन हिल

लिहून टाकते. गाडी रेक्सला दिली.

ठरवून नाही केलं काही. सकाळी चहा घेऊन अंगणात आले तर रेक्स गाडीभोवती फिरत होता, दोन्ही हात खिशात घालून. हात लावत नव्हता. मला बघून म्हणाला, "खाणीत लागलो ना वहिनी, त्या वर्षी आम्हा दोघांत मिळून एकच गाडी होती. एक आठवडा त्याची, एक माझी. माझ्या आठवड्यात टायर नेहमी पंक्चर असायचा."

"शेवटपर्यंत तसाच होता तो," मी म्हटलं.

हसला. मग खाली बसून साखळीकडे बघायला लागला. "वाळू गेलीय आत. जायच्या आधी धुऊन, तेल घालून देतो."

"घाल. पण मला देऊ नकोस. ठेव."

"म्हणजे?"

"ठेव तुझ्याकडे. मला नको."

तो उठला, हात पँटीला पुसले. "वर्षभर सांभाळतो. तुझं मन बदललं तर..."

"नाही बदलणार, रेक्स."

हे मी बोलले आणि मला असं हलकं वाटलं, जणू बर्फाच्या दिवसांतला ओला कोट कुणी खांद्यावरून काढून घेतला. मला लाज वाटली जराशी. नवऱ्याची लाडकी वस्तू देऊन टाकताना बाईने निदान रडावं तरी. मी तीन टोस्ट खाल्ले.

टीगनला फोन केला. गाडी काकाला दिली म्हटलं. पलीकडून हुंदके. मी म्हटलं, "अगं रडू नकोस, घरातच आहे, काकाकडे. कधीही येऊन बघ."

"आई, मी त्यासाठी नाही रडत," ती म्हणाली. आणि मग नाक ओढून, "आता रविवारी तरी मी झोपू शकेन." मुलांचं काही कळत नाही. रविवारी तिला कोण उठवतं?

१३ एप्रिल, शुक्रवार. ब्रोकन हिल

नोलीन रुसली आहे. काल तिला सांगितलं. मला वाटलं होतं ओरडेल, शिव्या देईल, एक चांगला हात आहे त्याने उशी फेकून मारेल. तसं काही नाही. भिंतीकडे बघून म्हणाली, "म्हणजे संपलंच."

"काय संपलं?"

"काही नाही. तुझी गाडी, तुझी मर्जी."

"तू शिकवलेलं वाया गेलं नाही, नोल. त्या दिवशी त्याच्यामुळेच..."

"माहितीये मला."

"मग?"

"मग काही नाही म्हटलं ना. नर्सला जरा पडदा ओढायला सांग. ऊन येतंय."

ऊन कुठेच येत नव्हतं. आज पुन्हा गेले तर झोपेचं सोंग. तिने मला शिकवायला अख्खा हिवाळा घातला, राग येणारच. नलारबोरचा नकाशा तिच्या बॅगेत आहे, मी तिचे कपडे काढताना बघितला. त्यावर तिने पेन्सिलने मुक्कामांना खुणा करून ठेवल्या होत्या, प्रत्येक ठिकाणी दोन खाटा आहेत का तेही. मला रडू आलं. पण गाडी परत घ्यावी असं मात्र एकदाही वाटलं नाही.

१५ एप्रिल, रविवार. ब्रोकन हिल

नोलीनला रुग्णालयातून सोडलं. तिची मोटरसायकल डगने पिकअपमध्ये घालून रेक्सकडे आणून दिली. वाकलेली आहे पण जगेल, असं रेक्स म्हणतो. तो दोन्ही गाड्या शेजारी लावून त्यांच्यामध्ये स्टूल टाकून बसतो. जेवायला चार हाका माराव्या लागतात.

नोलीनचं माझ्याशी बोलणं म्हणजे हो, नाही आणि मीठ दे.

१७ एप्रिल, मंगळवार. ट्रेनमध्ये

आठवड्यातून एकदा येणारी ही गाडी मला फार आवडली. बसलं की झालं. मेनिंडी गेलं, आता आयव्हन्हो येईल. बाहेर तीच लाल माती, तेच कांगारू. मी आता निवांत त्यांच्याकडे बघते, गाडी कुठे जायची तिकडे जाते.

सकाळी नोलीनच्या शर्टाची बटणं लावली. मान दुसरीकडे करून उभी होती, लहान पोरासारखी. बूटही मीच बांधले. ट्रेनमध्ये सँडविचचं पाकीट एका हाताने उघडेना, दातांनी ओढायला लागली.

"आण इकडे," मी म्हटलं.

"जमेल मला."

"घरी गेल्यावर काय करणार आहेस? दातांनी बटाटे सोलणार?"

"करीन काहीतरी. कायम एकटीच करत आलेय."

"वेडी आहेस का? माझ्याकडे राहा. मागची खोली रिकामीच आहे. हाड जुळेपर्यंत."

मला वाटलं होतं, निदान आमचं उतरायचं स्टेशन, ऑरेंज, येईपर्यंत वाद घालेल. तिला कुणाच्या घरी राहायला आवडत नाही, असं तीच सगळ्यांना सांगते. पण ती खिडकीतून बाहेर बघत होती आणि लगेच म्हणाली, "बरं." मग थोड्या वेळाने, "तुला घोरण्याचा त्रास नाही ना?"

"मर्वबरोबर झोपले इतकी वर्षं."

"आणि मी सकाळी लवकर उठते. रेडिओ लावते."

"लाव."

"मला वाटलं," ती म्हणाली आणि थांबली. सँडविचमधलं बीट काढून माझ्या पाकिटात ठेवलं. "मला वाटलं, गाडी नाही म्हटल्यावर आता तू काय येतेस."

"कुठे येते?"

"कुठे म्हणजे... कुठेही."

"येईन की. तू गाडी चालव, मी मागून कारने येते. थर्मास, खुर्च्या, आणि तू पडलीस की उचलायला गादी. नलारबोर कारने जमतं ना?"

ती हसायला लागली, आणि बरगड्यांमुळे कळवळली, आणि तरीही हसतच राहिली. समोरच्या म्हाताऱ्याने कुणाला बोलावू का म्हणून विचारलं. मी म्हटलं, नको, ही आता बरी आहे.

खरंच, एवढ्या साध्या गोष्टीसाठी चार दिवस तोंड फुगवून बसली. मला आधी विचारलं असतं तर?

२२ एप्रिल, रविवार. मोलाँग

दुपारी मर्वच्या टोळीतली मंडळी आली होती, नोलीनला बघायला. सगळ्या गाड्या फाटकाबाहेर. मी चहाबरोबर खायला स्कोन भाजले. ओव्हनचा पत्रा काढत होते तोवर ते निघूनही गेले, मला कळलंसुद्धा नाही.

शेड झाडली. मध्ये तेलाचा डाग आहे, तो निघत नाही. काय ठेवायचं तिथे ते अजून ठरवलं नाही. सध्या नुसतीच मोकळी आहे, दार उघडं टाकलं की ऊन पार मागच्या भिंतीपर्यंत येतं.

नोलीनचं दिवसभर काही ना काही चालू असतं. माझा चहा पांचट, माझे चाकू बोथट, माझ्या रेडिओला खरखर. घरात पुन्हा कुणीतरी कुरकुर करतंय. आज जेवताना म्हणाली, "खांद्याच्या हाडाला तीन महिने लागतात म्हणे."

"डॉक्टर तर सहा आठवडे म्हणाले."

"डॉक्टरला काय कळतंय? पोरगेलासा होता. माझ्या वयाला तीन लागतात. चारही लागू शकतात."

एरवी दुखणं अंगावर काढणारी ती, पण या बाबतीत मात्र बरीच समजूतदार निघाली. मी वाद घातला नाही. मागच्या खोलीच्या खिडकीला फारच पातळ पडदा आहे, हिवाळ्यात तिला गार लागेल. उद्या बाजारात जाऊन जाड कापड बघते.